नडगी, आठशे मीटर आणि न विचारलेले दोन प्रश्न

माझा फिजिओथेरपीचा दवाखाना बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. वर्षभर माझ्याकडे गुडघे धरून येणाऱ्या आज्या आणि कंबर धरून येणारे ट्रॅक्टरवाले. पोलीस भरतीची हवा सुटली की मात्र बाकावर बसलेल्यांचं वय एकदम विशीवर येतं. ट्रॅक पँट, पायाला क्रेप बँडेज, आणि बोट सगळ्यांचं एकाच जागी. ‘मॅडम, नडगी भरून आलीय.’

त्यांपैकी एका मुलीचं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव लिहीत नाही. दुर्मीळ आजार म्हणून हे प्रकरण निवडलेलं नाही, दुर्मीळ ते मुळीच नाही. पहिल्या भेटीत मी ते चुकवलं, म्हणून निवडलं.

ती २० वर्षांची, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडलांची दोन एकर कोरडवाहू, आई अंगणवाडीत मदतनीस. भरतीत मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत संपवलं की पूर्ण २० मिळतात, त्यापुढे घड्याळ गुण खात जातं. चार किलोचा गोळा फेकणं तिला अवघड नव्हतं, विहिरीवरून पाणी वाहिलेले हात होते. अडत होतं ते ८०० मीटरला. शाळेतला खो-खो सोडला तर ती आयुष्यात कधी धावलेली नव्हती.

एप्रिलमध्ये तिला कुणीतरी सांगितलं, ‘वजन कमी कर, पाय आपोआप उचलतो.’ उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४९ किलो. यातून कमी काय करायचं? पण तिनं रात्रीची भाकरी सोडली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती तालुक्याच्या एका अकॅडमीत, होस्टेलवर राहायला आली. त्याच सुमाराला भरतीसाठी म्हणून सोळा सोमवारही धरले.

पहिली भेट

अकॅडमीत पाचवा आठवडा चालू असताना, जुलैच्या मध्यावर ती आली. दोन्ही नडग्या दुखत होत्या, उजवी जास्त. धावायला सुरुवात केली की दुखायचं, पाय तापले की कमी व्हायचं, संध्याकाळी पुन्हा ठणकायचं. होस्टेलवरच्या मुलींनी सांगितलं म्हणून रोज रात्री ती नडगीवर लाटणं फिरवत होती. (हा प्रकार इतका सर्रास चालतो, की मेसच्या मावशींनी लाटणी कुलपात ठेवायला सुरुवात केलीय असं ती हसत सांगत होती. हाडावर लाटणं फिरवून काहीही साधत नाही, कातडी सोलवटते तेवढी.)

मी तपासलं. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत, दाबल्यावर दुखत होतं. वीतभर लांबीचा पट्टा होता, एक ठरावीक बिंदू नव्हता. सूज नाही, रात्री दुखत नाही, चालताना त्रास नाही. हाडाच्या कडेवर आणि त्याला चिकटलेल्या आवरणावर ताण आला की हे असंच दिसतं. मुलं त्याला ‘शिन पेन’ म्हणतात. तेवढंच निदान मी कागदावर लिहिलं. बर्फाचा शेक, पोटरीचे व्यायाम, पट्ट्या आणि ‘धावणं कमी कर’ हा सल्ला. वीस मिनिटांत ती मोकळी झाली.

निदान त्या दिवसापुरतं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. चूक दुसरीकडे होती. ‘धावणं कमी कर’ या तीन शब्दांना काही अर्थच नाही. किती कमी? कुणी करायचं? रविवारी सर टायमिंग घेणार, त्यात मागे पडलेल्यांना बेडूकउड्या. ती माझं ऐकणार की सरांचं? शिवाय मी दोन प्रश्न विचारलेच नाहीत. दिवसभरात काय खातेस, आणि पाळी कधी आली होती. बाई असून विचारले नाहीत. बाहेर सात जण बसले होते, आणि नडगी दाखवायला आलेल्या मुलीला पाळीबद्दल विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोळा दिवसांनी

ऑगस्टच्या सुरुवातीला ती पुन्हा आली तेव्हा रिक्षातून दारापर्यंत येताना लंगडत होती. मधल्या काळात तिनं एकही दिवस ग्राउंड चुकवलं नव्हतं. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून सकाळी एक, संध्याकाळी एक अशा घेत होती. त्या गोळीवर धावलेल्या शेवटच्या रविवारी तिचं टायमिंग आजवरचं सगळ्यात चांगलं आलं होतं, हे तिनं मला अभिमानानं सांगितलं.

आता चित्र बदललं होतं. डावी नडगी जवळजवळ शांत. उजवीवर मात्र, नडगीचे तीन सारखे भाग केले तर मधला आणि खालचा भाग जिथे मिळतात तिथे, आतल्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा. तिथे बोट टेकवलं आणि तिनं पलंगाची कड धरली. रात्री कुशीवर वळताना जाग येत होती. एका पायावर उडी मारायला लावून बघतात, त्याची गरजच उरली नव्हती.

दुखणं पट्ट्यातून बिंदूवर आलं, धावण्यातून चालण्यात आणि चालण्यातून झोपेत शिरलं. या घसरणीला एकच अर्थ असतो. हाडाला थकव्याची भेग पडते आहे.

हे दुखणं भरतीइतकंच जुनं आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कवायत करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय टिपून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये आणि दोनच वर्षांत, १८९७ ला, त्या पायांमधली हाडं मोडलेली असतात हे फिल्मवर दिसलं. पडल्याशिवाय, मार लागल्याशिवाय. नव्यानं भरती झालेला तरुण आणि अचानक वाढलेली पायपीट, एवढंच पुरतं.

कारण हाड म्हणजे लाकडाचा वासा नाही. ते सतत उकरलं जातं आणि सतत बांधलं जातं. भार वाढला की शरीर आधी जुना भाग काढून टाकतं, मग नवा, जास्त मजबूत भाग भरतं. काढायचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन महिने लागतात. म्हणजे नवीन सराव सुरू केल्यावर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. आणि नेमक्या त्याच काळात पोरांचा दम वाढलेला असतो. छाती म्हणते अजून एक राउंड मार, हाड म्हणतं थांब. छातीचा आवाज मोठा असतो.

तिनं सरावाची वही ठेवली होती. ती मी दुसऱ्या भेटीत मागितली. पहिला आठवडा १० किलोमीटर, दुसरा २२, तिसरा ३५, चौथा ४४, पाचवा ४८. त्यात रविवारी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या, शिक्षेच्या उड्या आणि बदकचाल धरलेली नाही. तिची पावलं मोजली तर मिनिटाला १५८ भरत होती. त्या हिशेबानं ४८ किलोमीटरला एकेक पाय आठवड्यात २२ ते २३ हजार वेळा आपटतो, आणि दर वेळी अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीनं. पोटरीचे स्नायू हाडाला ओढतात तो भार वेगळाच. पावसानं ग्राउंडवर चिखल झाल्यामुळे जुलैभर ही मुलं सिमेंटच्या बायपासवर धावत होती.

बुटांबद्दल मला सगळे विचारतात, म्हणून सांगून टाकते. तिचे बूट आठवडी बाजारातले, एक नंबर लहान, टाचेला चपटे झालेले. बदलायला हवेच होते, बदलले. पण १० वरून ४८ वर गेलेला पाय आठ हजारांच्या बुटानंही वाचला नसता. गावाकडच्या आई-बापाला महागडा बूट म्हणजे उपचार वाटतो. तेवढ्या पैशांत वर्षभराची अंडी येतात.

न विचारलेले प्रश्न

या वेळी मी दार लावून घेतलं आणि विचारलं. शेवटची पाळी मेच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे तीन महिने झाले होते. तिला त्याची काळजी नव्हतीच. ‘ग्राउंडला बरंच झालं की मॅडम. बाकीच्या पोरींचे चार दिवस वाया जातात.’

वजन ४४ किलो. पहाटे पाचला उपाशीपोटी ग्राउंड, परत आल्यावर चहा-बिस्किट, साडेदहाला वरण-भात, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, रात्री दोन पोळ्या आणि भाजी. सोमवारी तेही नाही. म्हणजे रविवारी डोंगर आणि दुसऱ्या दिवशी निरंकार, आठवड्यातला सगळ्यात जड दिवस आणि सगळ्यात रिकामा दिवस पाठीला पाठ लावून.

हिशेब मांडला तो असा. तिच्या पोटात दिवसाला साधारण १४०० कॅलरी जात होत्या. धावणं आणि बाकीचा व्यायाम मिळून ४५० खर्च. उरल्या ९५०. चरबी वगळता तिच्या शरीराचं वजन ३६ किलोच्या आसपास धरलं, तर दर किलोमागे २६ कॅलरी. एवढ्यावर हृदय, मेंदू, रक्त, हाडं, पाळी असं सगळं चालवायचं. ४५ च्या आसपास असेल तर शरीर निवांत चालतं, ३० च्या खाली गेलं की काटकसर सुरू होते. दुष्काळात घर जसं आधी लग्न पुढे ढकलतं, मग घराची डागडुजी, तसं शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडांची भरणी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. खेळात उतरलेल्या शरीराला ऊर्जा कमी पडणे, एवढाच त्याचा अर्थ. पाळी थांबणं ही त्याची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मिळणारी तपासणी आहे. फुकट मिळते. फक्त विचारावं लागतं.

मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांकडे पाठवलं. पाळी थांबायची बाकीची कारणं त्यांनी तपासून वगळली. हिमोग्लोबिन ९.८. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटीन ८. ड जीवनसत्त्व १४, म्हणजे कमीच. उन्हात वाढलेल्या मुलीचं ड जीवनसत्त्व कमी कसं, असं वडील विचारत होते. उन्हात ती आता नव्हतीच. पहाटे अंधारात ग्राउंड, दिवसभर लेखीचा अभ्यास आणि संध्याकाळी उतरतीला परत ग्राउंड. रक्त कमी असण्याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. आपल्याकडे अकॅडमीत पाऊल टाकणाऱ्या निम्म्या मुलींची टाकी आधीच रिकामी असते, हे धरूनच चालावं.

एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेकदा तसाच येतो आणि घात तिथेच होतो. ‘फोटोत काही नाही’ म्हटलं की मुलगी दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर. मी एमआरआय करायला सांगितला. साडेचार हजार रुपये, तेही जिल्ह्याला जाऊन. खरं सांगायचं तर उपचार ठरवायला माझं बोट पुरेसं होतं. पण माझ्या बोटावर सर विश्वास ठेवणार नव्हते, आणि ती स्वतःही नाही. त्या मुलीला ग्राउंडवरून खाली बसवायला काळी-पांढरी फिल्म लागणार होती. तिच्या वडलांना मी हे असंच सांगितलं. ते म्हणाले, ‘मग काढू. पोरगी ऐकंल तर स्वस्तय.’

अहवालात उजव्या नडगीच्या हाडाच्या आतल्या-मागच्या कडेला, मगजापर्यंत गेलेली सूज होती. सलग भेग दिसत नव्हती. चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तिसरी पायरी, चौथी सगळ्यात वाईट. जागा त्यातल्या त्यात चांगली, कारण या कडेचं हाड दाबलं जातं आणि भरून येतं. तीच भेग नडगीच्या पुढच्या धारेवर असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे हाड ताणलं जातं, भेग रुंदावते, कधी कधी शस्त्रक्रियेपर्यंत जातं. पुढच्या धारेवर ठरावीक बिंदूला दुखत असेल त्यानं शेजाऱ्याच्या सल्ल्यावर एक दिवसही घालवू नये.

सर

अकॅडमीचे सर निवृत्त फौजी. माणूस वाईट नाही. गरीब मुलांची फी निम्मी करतात, हे मला माहीत आहे. मी फिल्म घेऊन त्यांच्याकडे गेले. पहिलं वाक्य अपेक्षित होतं. ‘मॅडम, आमच्या ट्रेनिंगला तर याच्या दुप्पट पळवायचे.’

मी विचारलं, तुमच्या तुकडीतली किती जणं मधेच पायामुळं मागं राहिली? ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग बोटांवर मोजायला लागले. एका हाताची बोटं संपल्यावर मोजणं सोडून दिलं.

त्यांचा दुसरा मुद्दा होता की मुलं नीट ताणून घेत नाहीत, स्ट्रेचिंग कमी पडतं. सगळ्यांनाच असं वाटतं. २००० साली ऑस्ट्रेलियन लष्करात १५३८ नव्या भरतीवाल्यांवर हे तपासलं होतं. निम्म्यांनी सरावाआधी पायाचे स्नायू ताणायचे, निम्म्यांनी नाही. बारा आठवड्यांनंतर दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. ताणून बरं वाटत असेल तर जरूर ताणावं, पण १० वरून ४८ किलोमीटरवर नेणारा सराव पाच मिनिटांच्या ताणण्यानं पचत नाही.

मग ते म्हणाले, आठवड्याला दहा टक्के वाढवायचं तो नियम पाळू का? हा नियमही मी पोथीसारखा सांगत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नवख्या धावणाऱ्यांवर तो करून पाहिला होता, २००८ साली निष्कर्ष छापून आले. हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या गटात दुखापती जवळजवळ सारख्याच निघाल्या, दोन्हींकडे पाचांत एक. दहा टक्क्यांचा आकडा डोळे मिटून लावायचा नसतो. दोन किलोमीटरवाल्याला तो फार कमी पडतो, चाळीसवाल्याला फार जास्त. त्याऐवजी मी त्यांना तीन गोष्टी मागितल्या. पहिले तीन आठवडे नव्या पोरांचा गट वेगळा, त्यात चालणं-धावणं मिसळलेलं. दर चौथा आठवडा हलका. आणि डोंगर, उड्या, सिमेंट रोड यातलं एका आठवड्यात एकच काहीतरी नवीन वाढवायचं.

पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. उड्यांची शिक्षा आजही चालू आहे. त्यावर आमचं जमलेलं नाही.

विहीर

पहिला आठवडा कुबड्या. दुखण्याच्या गोळ्या बंद. एक तर त्या हाडाची हाक दाबून टाकतात, शिवाय हाड भरण्यात त्यांनी अडथळा येतो अशी शंका आहे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी आणि दिवसाआड लोहाची गोळी दिली.

धावणं बंद म्हटल्यावर ती रडली. चार महिन्यांची मेहनत वाहून जाणार, दम जाणार. शहरात असते तर मी पोहण्याच्या तलावाचा पत्ता दिला असता, खोल पाण्यात पट्टा बांधून धावण्याची पद्धत तिथे वापरतात. आमच्याकडे तलाव नाही. पण तिच्या चुलत्याची विहीर होती आणि यंदाच्या पावसानं ती निम्म्याच्या वर भरली होती. ती त्याच विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकली होती.

ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब बगलेत, पाय तळाला लागत नाहीत, आणि पाण्यात उभ्यानं धावायचं. गुडघा वर, टाच मागे, हात नेहमीसारखे. एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं बारा वेळा. चुलता वर काठावर सोल, म्हणजे जाड दोर, धरून बसायचा. ही अट मी लेखी दिली होती, एकटीनं विहिरीत उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘मॅडम, आठशेपेक्षा जास्त दम लागतोय.’ त्या निरोपानंतर तिच्याशी बोलणं सोपं झालं. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, हाच तिचा सराव होता. हाडाला एकही धक्का नाही आणि छाती मात्र कामाला लागलेली.

खाण्याची लढाई पाण्यापेक्षा अवघड गेली. नऊ सोमवार झाले होते, सात उरले होते. व्रत मोडायचं म्हणजे भरती हातची जाणार ही भीती. मी आहाराचा तक्ता काढून दिला, त्यात सोमवारचा रकाना ती रिकामाच ठेवायची. शेवटी आईनं सोडवलं. दवाखान्यातच म्हणाली, ‘राहिलेले सोमवार मी धरते तुझ्या वाटचे. देवाला काय, माय-लेकीत फरक दिसतो व्हय?’ मी यावर काही बोलायची गरज नव्हती.

तक्त्यात पावडरचा डबा नव्हता. पहाटे निघण्याआधी एक केळं किंवा गुळाबरोबर मूठभर शेंगदाणे. परत आल्यावर अर्ध्या तासात दोन अंडी आणि भाकरी. दोन्ही जेवणांत डाळ वाढवून, वरून लिंबू. दुपारी दूध किंवा ताक, तिळाची चटणी. चहा जेवणाला लागून नाही, तासभर आधी किंवा नंतर, कारण तो लोह शोषू देत नाही. रात्रीची भाकरी परत. मेसच्या मावशींना अंड्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. एवढाच काय तो जादा खर्च.

परतीची वाट

पाचव्या आठवड्यात नाण्याएवढ्या जागेवर दाबून दुखेना, अर्धा तास चालून दुखेना, एका पायावर दहा उड्या मारून दुखेना. मग धावणं सुरू केलं. चार मिनिटं चालणं, एक मिनिट हळू धावणं, असं सहा वेळा, एक दिवस आड. मातीच्या ग्राउंडवर. प्रत्येक पायरी दोनदा नीट पार पडली तरच पुढची. स्नायूच्या दुखण्यात मी पेशंटला सांगते, थोडं दुखलं तर चालेल. हाडाच्या दुखण्यात ही सवलत नाही. त्या जागी दुखलं की त्या दिवशी बंद, आणि मागच्या पायरीवर.

मधल्या दिवशी ताकदीचं काम. एका पायावर टाच उचलायला लावली तर डावी १९ वेळा उचलली, उजवी ११ वरच थरथरायला लागली. पोटरी धक्का झेलते, ती थकली की हाड झेलतं. शाळेच्या दप्तरात वाळू भरून, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, टाचा उचलण्याचा व्यायाम दिला. आठव्या आठवड्यापर्यंत दोन्ही पाय २५ वर आले. पावलं थोडी आखूड आणि मिनिटाला १७० केली. ती लांब ढांगा टाकून टाचेवर आदळत होती, ‘मोठी ढांग टाक’ असं तिला शिकवलेलं होतं. मोबाइलवर टिकटिक लावून दहा-दहा मिनिटांत ते बदललं. सुरुवातीला तिला ‘उंदरासारखं पळल्यासारखं’ वाटायचं.

दहाव्या आठवड्यात सलग वीस मिनिटं. पाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली. तिनं मला फोन केला नाही, आईनं केला. वजन तेव्हा ४८ किलो होतं.

बाराव्या आठवड्यात वेगाचं काम सुरू झालं आणि चौदाव्या आठवड्यात तिची मैदानी चाचणी आली. माझ्या मतानं अजून तीन आठवडे हवे होते. ते मी तिला सांगितलं, आणि ती जाणार हेही मला माहीत होतं. पाय भरलेला होता, धोका होता तो कमी सरावाचा. तिला ८०० मीटरला ३ मिनिटं ४ सेकंद लागले. गोळ्याला चांगले गुण पडले, पण एकूण बेरीज यादीपर्यंत पोहोचली नाही. ऑगस्टमधल्या त्या रविवारी, गोळी खाऊन, ती याच्यापेक्षा सहा सेकंद वेगानं धावली होती. हे तिनं मला निकालाच्या दिवशी ऐकवलं, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

ती आता पुढच्या भरतीची तयारी करते आहे. फेरिटीन ८ वरून २२ वर आलंय, अजून पुरेसं नाही. मधे पोट साफ होत नाही म्हणून तिनं लोहाची गोळी दोन आठवडे बंद केली होती, ती डॉक्टरांनी बदलून दिली. माझ्या दवाखान्यात विशीच्या प्रत्येक मुलीच्या कागदावर आता दोन ओळी आधीच छापलेल्या आहेत, जेवण आणि पाळी. नडगी असो, गुडघा असो की खांदा.

जानेवारीत तिची डावी नडगी कुरकुरली. सरांनी हलका म्हणून दिलेल्या आठवड्यात हिनं गुपचूप दोन राउंड जास्त मारले होते. या वेळी लाटणं नाही, गोळी नाही. तिनं स्वतःच धावणं बंद ठेवलं आणि मला कळवलं. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा मेसेज आला. ‘बोटानं सगळीकडं दाबून बघितलं. एका जागी दुखत नाही, पट्टाच आहे, तोही कमी. आज विहिरीवर जाते. काका सोबत आहेत.’